आधी मळ ओळखा, मग बाटली उघडा
इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदात कॉन्टॅक्ट कशाने साफ करावेत?

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आलेला असतो. सर्किट बरोबर असते, सेल नवे असतात, तरी दिवा मिणमिणतो, मोटार अडखळते किंवा रेडिओ खरखरतो. अशा वेळी आपण आयसी बदलतो, सोल्डरिंग पुन्हा करतो, आणि दोष मात्र निघतो दोन धातू एकमेकांना टेकतात त्या जागी. त्या जागेला आपण कॉन्टॅक्ट म्हणतो. सेलच्या खोक्यातली स्प्रिंग, स्विचच्या आतली पट्टी, प्लगच्या पिना, मेमरी कार्डावरच्या सोनेरी पट्ट्या हे सगळे कॉन्टॅक्टच.

कॉन्टॅक्ट मळला आहे हे कळले की पुढचा प्रश्न येतो, पुसायचा कशाने? आमच्या हॉबी क्लबमध्ये हा प्रश्न विचारला की दहा जण दहा उत्तरे देतात: स्पिरिट, थिनर, पेट्रोल, व्हिनेगर, खोडरबर, काचपेपर. आणि आपण कॅडेट असल्यामुळे कोणीतरी हमखास म्हणतो, "ब्रासो लाव!" बेल्टचे बक्कल ज्याने चमकते त्याने कॉन्टॅक्टही चमकेल, असा हिशोब. यांपैकी प्रत्येक गोष्ट कुठेतरी उपयोगी आहे आणि कुठेतरी घातक आहे. म्हणून बाटली निवडण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: मळ कोणता आहे, आणि त्याच्याखाली काय आहे? या लेखात एवढेच सांगायचे आहे.

मळलेला कॉन्टॅक्ट किती त्रास देतो?

डोळ्यांना सपाट दिसणारा धातू सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखा दिसतो. दोन धातू टेकतात तेव्हा फक्त काही शिखरे एकमेकांना लागतात आणि सगळी विद्युतधारा त्या थोड्या ठिपक्यांतून जाते. त्या ठिपक्यांवर तेलाचा किंवा गंजाचा पातळ थर आला, तर रोध वाढतो.

आता ओहमचा नियम लावू. समजा कॉन्टॅक्टचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून ५ अँपिअर धारा जाते. तेथे २.५ व्होल्ट वाया जातात आणि १२.५ वॉट उष्णता तयार होते. आपली लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे तिच्या निम्मी उष्णता टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत साठते. प्लगची पिन काळी पडते आणि प्लास्टिक वितळते ते यामुळे. सैल आणि मळका जोड हे आगीचेही कारण होऊ शकते, म्हणून हा विषय फक्त छंदापुरता नाही.

मायक्रोफोनसारख्या वस्तूत उलट अडचण असते. तेथे विभवांतर काही मिलिव्होल्टच असते. एवढ्या कमी विभवांतराला मळाचा थर फोडून पलीकडे जाता येत नाही आणि आवाज तुटतो.

मळाचे चार प्रकार

पहिला, तेलकट मळ. बोटांचा घाम, धूळ, जुने ग्रीस आणि सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स. हा धातूवर नुसता बसलेला असतो, धातूशी त्याची रासायनिक क्रिया झालेली नसते. योग्य द्रावकात तो विरघळतो.

दुसरा, धातूचाच बदललेला थर. तांब्यावर ऑक्साइड येते, चांदीवर काळे सल्फाइड येते. देवघरातले चांदीचे निरांजन काळे पडते तेच हे. हा थर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. कितीही पुसले तरी कापूस कोरडा आणि कॉन्टॅक्ट काळाच राहतो.

या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्या बेंगळुरूतच आहे. बेळंदूर तलाव फेसासाठी आणि आगींसाठी देशभर गाजला. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यातून धूर निघाला, आणि १९ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा आग लागली तेव्हा ती विझवायला लष्कराचे हजारो जवान उतरले होते. त्या परिसरातल्या रहिवाशांच्या आणखीही काही तक्रारी वर्तमानपत्रांत येत असत: एसीच्या तांब्याच्या नळ्या खराब होतात, घरातली धातूची भांडी काळी पडतात. सांडपाणी प्राणवायूशिवाय कुजले की जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. हा वायू तांबे आणि चांदी यांच्याशी सहज संयोग पावतो. म्हणजे एकच स्विच दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला, तर त्यावर चढणारा मळही वेगळा असू शकतो. कोकणात राहणाऱ्या मित्रांना खाऱ्या हवेचा अनुभव आहेच.

तिसरा, सेल फुटून बाहेर आलेला क्षार. स्प्रिंगवर पांढरी, खरबरीत पूड दिसते. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते बाहेर आले की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे पोटॅशियम कार्बोनेट होते. हा मळ अल्कधर्मी असतो. साध्या झिंक-कार्बन सेलमधून निघणारा द्रव मात्र आम्लधर्मी असतो. दोघांचा उतारा उलटा आहे, म्हणून सेल फेकण्याआधी त्यावर 'अल्कलाइन' लिहिले आहे का ते वाचावे.

चौथा, घासून झालेली पूड. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखाली, म्हणजे पोटेन्शिओमीटरमध्ये, कार्बनच्या पट्टीवरून एक धातूची जीभ सरकते. वर्षानुवर्षे घासून पूड साठते आणि जुने ग्रीस घट्ट होते. आजोबांच्या काळातला मर्फी रेडिओ बटण फिरवताना खरखरतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.

मळाखाली काय आहे?

हा प्रश्न सगळेच विसरतात. कॉन्टॅक्टचा वरचा चकचकीत धातू हा बहुधा एक पातळ मुलामा असतो. पितळी भांड्याला कल्हई करतात तसाच. कल्हईचे पातेले राखेने आणि काथ्याने जोर लावून घासले तर आजी रागावते, कारण कल्हई जाते आणि मग आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतो. इलेक्ट्रॉनिक्समध्येही बऱ्याच पिनांवर कथिलाचाच मुलामा असतो, स्प्रिंगवर निकेलचा, आणि मेमरी कार्डावर सोन्याचा. सोन्याचा हा थर साधारणपणे एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. काचपेपरचा एक हात फिरवला की तो निघून जातो. त्या दिवशी कॉन्टॅक्ट छान चालतो. पण आता खालचा धातू उघडा पडला, आणि काही आठवड्यांनी तो पूर्वीपेक्षा वाईट गंजतो. "साफ केले, पण पुन्हा बंद पडले" या तक्रारीमागे अनेकदा काचपेपर असतो.

धातूच्या शेजारी काय आहे तेही पाहावे. खेळण्यांचे आणि खोक्यांचे प्लास्टिक बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीन असते. ॲसिटोन त्याला विरघळवते. नेलपॉलिश काढायच्या द्रवात आणि अनेक थिनरांत ॲसिटोन किंवा त्यासारखीच द्रावके असतात.

कोणती बाटली कशासाठी?

*आयसोप्रोपिल अल्कोहोल.* आपल्या कपाटात एकच बाटली ठेवायची असेल तर ही ठेवावी. तेल, घाम आणि बराचसा फ्लक्स हिच्यात निघतो, ती लवकर उडते, मागे काही ठेवत नाही आणि बहुतेक प्लास्टिकला इजा करत नाही. ९९ टक्क्यांची घ्यावी. ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचे बहुतेक पाणी असते, त्यामुळे सुकायला वेळ लागतो. झाकण उघडे ठेवले तर ही हवेतले बाष्पही ओढून घेते. हातावरचे सॅनिटायझर हा तिचा पर्याय नव्हे. त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन किंवा जेल घातलेले असते आणि ते कॉन्टॅक्टवर चिकट थर ठेवते.

*कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे.* हा दोन प्रकारचा मिळतो. एक पूर्ण उडून जातो. तो प्लग, सॉकेट आणि सर्किट बोर्डसाठी. दुसरा मागे थोडे वंगण ठेवतो; तो स्विच आणि पोटेन्शिओमीटरसारख्या सरकणाऱ्या भागांसाठी. एस. पी. रोडवर दुकानदाराकडे नुसते "कॉन्टॅक्ट क्लीनर द्या" म्हणू नये. डब्यावरची बारीक अक्षरे वाचावीत: मागे थर राहतो का, प्लास्टिकला चालतो का, पेट घेतो का. ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

*डब्ल्यूडी-४०.* हा निळा-पिवळा डबा सगळ्यांच्या घरी असतो. हा १९५३ साली अमेरिकेत तयार झाला. नावाचा अर्थ 'पाणी हटवणे, चाळिसावा प्रयत्न' असा आहे, आणि सुरुवातीला तो ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरला गेला. ओलावा हटवायला आणि गंजलेला स्क्रू सोडवायला तो उत्तम आहे. पण तो मागे तेलाचा थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळ्या डब्यात मिळतो, यावरूनच दोन्ही कामे वेगळी आहेत हे समजावे.

*व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.* फक्त अल्कलाइन सेलच्या पांढऱ्या पुडीसाठी. आम्ल आणि क्षार एकमेकांना निष्प्रभ करतात, बुडबुडे येतात. झिंक-कार्बन सेलच्या मळासाठी उलट, खाण्याच्या सोड्याची पाण्यातली पातळ पेस्ट. दोन्हींनंतर ओल्या बड्सने पुसून, शेवटी अल्कोहोलने पुसून सुकवायचे, नाहीतर उरलेले आम्ल किंवा सोडा नवा गंज सुरू करतो. चिंच लावून पितळ लखलखते हे खरे आहे, पण चिंचेचे भांडे आपण भरपूर पाण्याने धुतो. सर्किट बोर्ड तसा धुता येत नाही.

*खोडरबर.* पेन्सिलचा पांढरा, मऊ खोडरबर सोनेरी पट्ट्यांवर एक-दोनदा हलका फिरवायला हरकत नाही. पण आधी अल्कोहोल वापरून पाहावे. सोने गंजत नाही, त्यावर बहुधा बोटांचे तेलच असते. पेनचा खडबडीत खोडरबर म्हणजे काचपेपरच.

*कोरा कागद.* रिलेच्या काळ्या पडलेल्या चांदीच्या कॉन्टॅक्टमध्ये अल्कोहोलने भिजवलेली कोऱ्या कागदाची पट्टी धरून हळू ओढली, की काळे कागदावर येते. आणि काहीच जवळ नसेल तर वीज बंद करून प्लग पाच-सहा वेळा घालावा-काढावा. धातू धातूवर घासून पातळ थर आपोआप निघतो. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

जुन्या पुस्तकांत कधी कार्बन टेट्राक्लोराइडचे नाव दिसते. त्याच्या वाफेने यकृताला इजा होते. पूर्वी सर्किट बोर्ड धुण्यासाठी सीएफसी जातीची द्रावकेही वापरत. ती ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हटवली गेली. भारत त्या करारात १९९२ साली सामील झाला. म्हणून जुने पुस्तक वाचून जुनी बाटली शोधू नये.

आणि ब्रासो?

ब्रासोत बारीक घासणारी पूड असते आणि अमोनियाही असतो. पूड मुलामा खरवडते आणि फटीत अडकून बसते. अमोनियाची गोष्ट तर आपल्या सैन्याच्या इतिहासातलीच आहे.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवून ठेवत. मोसम संपल्यावर पाहावे तर अनेक काडतुसांच्या पितळेला आपोआप तडे गेलेले. पावसाळ्यात होणारे म्हणून या रोगाला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. कारण १९२१ साली स्पष्ट झाले. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया वायू निघतो, दमट हवेत तो पितळेवर क्रिया करतो, आणि ओढून घडवल्यामुळे ज्या पितळेत आधीच ताण आहे तेथे तडा जातो. ताण आणि अमोनिया, दोन्ही एकत्र आले की पितळ टिकत नाही.

आता सॉकेटमधली पितळी पट्टी पाहा. ती स्प्रिंगसारखी दाबून बसते, म्हणजे कायम ताणाखाली असते. तिला अमोनिया असलेला द्रव, मग तो ब्रासो असो किंवा काच पुसायचा एखादा स्प्रे, लावून तसाच ठेवणे शहाणपणाचे नाही. ब्रासो बक्कलसाठी आहे, तेथेच राहू द्यावा.

एक उदाहरण: सातवीतल्या कॅडेटची गाडी

या वर्षी हाउसच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीतल्या एका कॅडेटने रेषेवरून धावणारी गाडी बनवली होती. दोन दिवस आधी ती अडखळू लागली. चार नवे सेल घातले तरी तेच. तो रडवेला झाला होता. त्याचे आईबाबा साताऱ्याहून बघायला येणार होते. कोणी म्हणाले मोटार गेली, कोणी म्हणाले मोटार-ड्रायव्हर गेला. आमचे फिजिक्सचे सर एवढेच म्हणाले, "आधी मोजा, मग बोला."

गाडी चालू ठेवून आम्ही मल्टिमीटरने मोजले. सेलच्या टोकांवर ५.८ व्होल्ट होते, पण खोक्याच्या वायरवर ४.२ व्होल्ट. म्हणजे १.६ व्होल्ट खोक्यातच हरवत होते. धारा ०.८ अँपिअर होती, म्हणून कॉन्टॅक्टचा रोध २ ओहम. हे मोजमाप गाडी चालू असतानाच करायचे असते. धारा वाहत नसेल तर व्होल्ट पूर्ण दिसतात आणि दोष लपतो.

सेल काढले. दोन स्प्रिंगांच्या तळाशी पांढरी पूड होती, मागे कधीतरी फुटलेल्या सेलची. खोक्यात पूर्वी अल्कलाइन सेल होते, म्हणून व्हिनेगर. हातमोजे आणि चष्मा घालून, खोका उलटा धरून आधी कोरड्या ब्रशने पूड झटकली, मग बड्सने व्हिनेगर, मग पाण्याचा बड्स, मग अल्कोहोल. एका स्प्रिंगचा निकेल पूर्ण खाल्ला गेला होता, ती बदलली. पुन्हा मोजले तेव्हा खोक्यात फक्त ०.१ व्होल्ट हरवत होता. गाडी सरळ धावली. प्रदर्शनात तिचा दुसरा नंबर आला, आणि त्या मुलाने आईबाबांना आधी गाडी नाही, स्प्रिंग दाखवली.

काम करण्याची पद्धत

१. वीज बंद करा, सेल काढा. २३० व्होल्टवर चालणारी वस्तू सरांशिवाय उघडू नका. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक विभवांतर राहू शकते.
२. आधी कोरडी धूळ ब्रशने काढा. धुळीवर द्रव ओतला तर चिखल होऊन तो आत जातो.
३. मळ कोणता आणि खाली काय, हे ठरवा. प्लास्टिकची शंका असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक थेंब लावून पाहा.
४. सौम्य उपाय आधी, कडक नंतर. द्रव बड्सवर घ्या, वस्तूवर ओतू नका.
५. पूर्ण सुकू द्या. मगच वीज जोडा.
६. पुन्हा मोजा. चमक पाहून ठरवू नका.

सुरक्षिततेविषयी

आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ सुमारे १२ अंश सेल्सिअसपासूनच ठिणगीने पेटू शकते. बेंगळुरूत हिवाळ्यातही खोलीचे तापमान सहसा याहून जास्त असते, म्हणजे ही बाटली वर्षभर पेट घेण्याजोगी आहे. तिची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे टेबलावर आणि जमिनीलगत पसरते. गरम सोल्डरिंग आयर्न शेजारी असताना झाकण उघडू नये, खिडकी उघडी ठेवावी, आणि बाटली वसतिगृहाच्या लॉकरमध्ये ठेवू नये. ती क्लबच्या कपाटात, नाव लिहिलेल्या मूळ बाटलीतच असावी. पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नये. पेट्रोल आणि थिनर यांची तर आपल्या कामात गरजच पडत नाही.

थोडक्यात

तेलकट मळ: आयसोप्रोपिल अल्कोहोल.
अल्कलाइन सेलचा क्षार: व्हिनेगर, पाणी, अल्कोहोल.
झिंक-कार्बन सेलचा मळ: खाण्याचा सोडा, पाणी, अल्कोहोल.
खरखरणारे बटण: वंगण ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर.
काळी पडलेली चांदी: अल्कोहोलने भिजवलेला कोरा कागद.
सोन्याचा किंवा कथिलाचा मुलामा: काचपेपर कधीच नाही.

पालकांनाही एक विनंती. घरातला रिमोट, टॉर्च किंवा आजोबांचा रेडिओ भंगारात देण्याआधी सुट्टीपर्यंत थांबा. आम्ही घरी आलो की मल्टिमीटर, बड्स आणि एक लहान बाटली घेऊन बसू. प्रत्येक वस्तू सुरू होईल असे नाही, पण काही नक्की होतील, आणि जी होणार नाही तिच्यात नेमके काय गेले ते तरी सांगता येईल.